बुढ्याची किरकिर

ट्रक आमच्यावर येत होता आणि आमची गाडी बंद पडली होती. आडवी. अर्धी हायवेवर, अर्धी बाजूच्या रस्त्यावर. बुढा चावी फिरवत होता, गाडी नुसती खोकत होती. मागे झेंडूच्या पोत्यांवर बसलेली चाची ओरडत होती, "या अल्ला! भाऊ, काढा ना गाडी!" आणि नेमका तेव्हाच बुढ्याच्या खिशातला फोन वाजला. आधी देवळातल्यासारखी घंटी झाली, मग एक बाई गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार! आज आपका दिन कैसा रहेगा, जानिए!"

ट्रकचे ब्रेक किंचाळले. जळक्या रबराचा वास आला. अशा वेळी डोळे मिटतात म्हणतात. माझे उघडेच राहिले. ट्रकचं तोंड बुढ्याच्या खिडकीपाशी येऊन थांबलं. त्याला बांधलेल्या लिंबू-मिरचीला बुढा बसल्या जागेवरून हात लावू शकला असता.

बुढा म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे बायका नवऱ्याला तोंडावर 'अजी' म्हणतात आणि माघारी 'बुढा'. त्यात अपमान नाही. चाची आमची शेजारीण, गाद्या भरायचं काम करते. तिची लेक अकोल्याला दिली आहे, म्हणून आमची भाजी-फुलांची छोटी पिकअप गाडी अकोल्याला निघाली की ती यायची. पुढे बसायला जागा होती, पण ती मागे पोत्यांवरच बसायची. म्हणायची, "पुढं बसलं की भाऊची किरकिर आयकावी लागते. त्यापक्षा झेंडू बरा."

ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. घामानं थबथबला होता.

"अरे बाबा, मरना है क्या? दिखता नहीं?"

"दिसलं ना," बुढा शांतपणे म्हणाला. "तुमची गाडी रिकामी हाय."

"तो?"

"आमची भरली हाय."

ड्रायव्हरनं पोत्यांकडे पाहिलं. "तो क्या?"

चाचीनं मागून समजावलं, "बोल रहे हैं कि खाली गाडी रुकती है, भरी गाडी पहले जाती है।"

"ये कौन सी किताब में लिखा है?"

"किताब में नहीं, भैया. हमारे गाँव में है।"

ते खोटं नव्हतं. आमच्या शिवारातली पांदण इतकी अरुंद की दोन बंड्या समोरासमोर आल्या तर एकीला बाजूच्या वावरात उतरावंच लागतं. उतरायची ती रिकामी बंडी. भरली बंडी उतरली तर वर चढत नाही, बैलांचा जीव जातो. हे सगळ्यांना ठाऊक. रिकाम्या बंडीवाला आपण होऊन बैल वळवतो आणि भरल्या बंडीवाला जाता जाता "या हो घराकडे" म्हणतो. बुढ्यानं सारा जन्म बंडी हाकली होती. गाडी तो उतारवयात शिकला. गिअर शिकला, क्लच शिकला, आरशात पाहायला शिकला. पण बडनेऱ्याच्या पुढे बाजूचा रस्ता चढून हायवेला मिळतो तिथं आल्यावर त्यानं उजवीकडे पाहिलं, ट्रकवर ताडपत्री मोकळी फडफडत होती, ट्रक रिकामा होता, आणि बुढा मला म्हणाला, "थांबते तो." आणि गाडी घातली.

ट्रक थांबला नाही, हे कळल्यावर बुढ्यानं मध्येच ब्रेक दाबला. गाडी तिथंच मेली.

ड्रायव्हरनं दोन शिव्या दिल्या. त्या बुढ्याला लागल्या नाहीत. शिवीला शिवी द्यायला तो कधी मागे नव्हता. पण मग त्या माणसानं आणि त्याच्या क्लिनरनं आमची गाडी ढकलून कडेला लावून दिली, ड्रायव्हर आमच्याकडचं पाणी प्याला आणि जाताना बुढ्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "बाबा, अब तुम मत चलाओ।"

ते लागलं.

जरा वेळानं गाडी सुरू झाली आणि बुढा ती अकोल्यापर्यंत घेऊन गेला. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव मंजू गेलं. तो एक शब्द बोलला नाही. चाचीनं मागून दोन वेळा काच वाजवून "भाऊ, जिंदा हो ना?" विचारलं, तेव्हा त्यानं मान हलवली. फुलं दिली, आम्ही परत आलो, त्यानं चावी खुंटीला लावली आणि अंगणात बाजेवर बसला.

आता त्याची किरकिर काय चीज होती ते सांगते. नाहीतर पुढचं कळणार नाही.

खताच्या दुकानात युरिया मागितला की दुकानदार त्याच्यासोबत टॉनिकची बाटली काढून ठेवायचा. बाटली घेतली नाही तर युरिया नाही. याला लिंकिंग म्हणतात. आमच्याकडे लहान पोरालाही हा शब्द ठाऊक. दुकानदार म्हणायचा वरून सक्ती आहे, वरचे म्हणायचे आमची सक्ती नाही. लोक निमूटपणे बाटली घेऊन घरी जात. बुढा तिथंच उभा राहून बोलायचा, "मी पोरगी मांगाले आलो, तं तिची आत्या बी घेऊन जा म्हणता? आत्याले ठेवू कुठी?" सगळं दुकान हसायचं. दुकानदारही हसायचा आणि बाटली पिशवीत टाकायचा. आमच्या कोठ्यात अशा आत्यांची रांग लागली होती.

फोनचं तेच. पोरगा बडनेऱ्याला नोकरीला. त्यानं बाजारभाव कळावा म्हणून नवा फोन आणून दिला आणि त्यात बाजारभावाचं ते काय ते टाकून दिलं. त्याच्यासोबत आणखी पाचसहा पाहुणे आले. एक राशी सांगणारी, एक फळं कापायचा खेळ, एक जो घडीघडी म्हणायचा की तुमचा फोन घाण झाला आहे, साफ करू का. बुढा त्याला म्हणायचा, "तूच घाण हायेस, तू निंघ." पोरानं पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, हे काहाडता येत नाई. कंपनीनंच टाकून देल्लं."

"म्हंजे फोन माहा अन् घर त्याईचं?"

"तसंच समजा."

"मंग किराया कोन देते?"

राशीवाली बाई रोज सकाळी मनाला येईल तेव्हा घंटी वाजवून बोलायची. बुढा झेंडू तोडत असला तर ओळीतून उभा राहून तिला बोलायचा. "अवं बाई, माही रास तुले कोनं सांगतली? माह्या मायले ठाऊक नव्हती!"

हायवेचंही काम कितीतरी वर्षं चालू होतं. उकरलेलं उकरलेलंच. 'काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व' हा बोर्डच गंजून वाकडा झाला होता. बुढा येता-जाता त्या बोर्डाला हात जोडायचा, "केलं माफ, आता कर ना काम." विहिरीच्या मोटरला लाइन यायची ती भलत्या वेळी, त्यावर तो बोलायचा. एसटीच्या कंडक्टरवर बोलायचा. भाजीत मीठ कमी, यावर रोज बोलायचा. मीठ कमी नसायचं. लग्न झालं त्या वर्षापासून ते कमी होतं आणि मी त्या वर्षापासून तेवढंच टाकत होते. मी म्हणायची, "वरून घ्या." तो म्हणायचा, "वरून घेतलेलं मीठ निस्तं जिभीले लागते, भाजीत नाई जात." हे आमचं जेवणाआधीचं बोलणं होतं. दुसऱ्या घरी लोक हात जोडत असतील.

त्या वर्षांबद्दल विचारायला गावात लोक यायचे. कॅमेरे घेऊन यायचे, शहरातल्या पोरी वह्या घेऊन यायच्या. कापूसवाल्यांचे हाल फार झाले, कितीतरी घरी माणसं फवारणीचं औषध पिऊन गेली. आमच्या घरी पूर्वीपासून भाजी आणि फुलं, म्हणून आम्ही जरा बाजूला राहिलो, पण एका गावात राहून बाजूला किती राहणार. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला विचारलं तर मी लिंकिंगचं सांगायची, लाइनचं सांगायची, फोनचं सांगायची. पोरी लिहीत नसत. त्यांना मोठं दुःख हवं असायचं.

तर बुढा गप्प झाला.

आमच्या भागात त्या वर्षांत बोलणारा माणूस गप्प झाला की आसपासच्या बाया सावध व्हायच्या. हे कोणी शिकवलं नव्हतं. काही घरी उशिरा कळलं होतं, त्यावरून आम्ही शिकलो. मग अशा घरी कोणी ना कोणी जात राहायचं. एक विळा मागायला, एक विरजण मागायला, एक सुई मागायला. कोणाला काही नको असायचं. विळा मागायचा, दारात बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, बाजेवरच्या माणसाला दोन शब्द बोलायला लावायचे आणि विळा तिथंच विसरून यायचं. माणसाला एकटं ठेवायचं नाही, एवढंच. तो माणूसही समजायचा, पण कोणी तसं बोलून दाखवत नसे.

मी कितीतरी घरी विळा मागायला गेले आहे. एका सकाळी वरच्या आळीतली बाई माझ्या दारात आली आणि म्हणाली, "काकू, विळा हाय का वं? आमचा बोथट झाला." आपल्या घरी विळा मागायला आले आहेत.

मी विळा दिला. तिनं बुढ्याला विचारलं, "काय म्हनता काका, झेंडू कसा हाय औंदा?"

"बरा हाय," बुढा म्हणाला.

बुढा झेंडूला बरा म्हणाला! दरवर्षी त्याच्या लेखी झेंडू म्हणजे सरकारनं आणि किडीनं मिळून त्याच्याविरुद्ध केलेला कट असायचा. ती बाई माझ्याकडे पाहून गेली. विळा तिथंच ठेवून.

त्या दिवशी मी कोठ्यातले फवारणीचे डबे टोपल्यात घातले, वर पालकाच्या जुड्या रचल्या आणि चाचीकडे नेऊन ठेवले. तिनं पालक काढला, खाली पाहिलं, टोपलं आतल्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. विचारलं काहीच नाही. फक्त म्हणाली, "पालक घेऊ ना मी?"

"घे."

मी गोड वागून पाहिलं. ते मला नीट जमत नाही, पण पाहिलं. त्याला आवडते म्हणून पाटवडीची भाजी केली. मीठ मुद्दाम जास्त टाकलं. त्यानं खाल्ली आणि म्हणाला, "मस्त झाली."

मी चुलीपाशी बसून राहिले. इतक्या वर्षांत त्यानं मला मस्त म्हटलं नव्हतं. बायकांना असं ऐकावंसं वाटतं म्हणतात. मला ते ऐकून भीतीच वाटली.

सकाळी राशीवाली बाई बोलायची, तेव्हा तो फोन हातात धरून पूर्ण ऐकायचा. तिला एक शिवी नाही. ती बया सांगायची, आज धैर्य ठेवा. तो ठेवून बसायचा.

पोरगा आला. बापाला पाहिलं, मला बाजूला घेतलं. "आई, गाडी इकून टाकू. एक गिऱ्हाईक हाय माह्या पाह्यण्यात. बाबाले झेपत नाई आता."

मग तो अंगणात गेला आणि बापाला तेच म्हणाला. बुढा म्हणाला, "इक."

पोराला वाटलं काम सोपं झालं. मला वाटलं, आता काही खरं नाही.

दसरा जवळ आला होता. झेंडू झाडावर पिवळाधमक उभा होता. तोडायचा तर आजच तोडायचा आणि न्यायचा तर लगेच न्यायचा. मजूर बाया घेऊन मी तोडला, पोती भरली, मागे लादली. बुढा बाजेवरून पाहत होता. पोराला सुटी नव्हती. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी गाडी पाहायला येणार होतं. चाची हातात पिशवी घेऊन तयार होऊन आली आणि म्हणाली, "मंग? कोन चालवते?"

"मी," मी म्हटलं.

मी असं काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं.

चाचीनं बाजेकडे पाहिलं. मग पोत्यांवर चढली आणि म्हणाली, "चल बाई. मरन आलं तं दसऱ्याच्या तोंडावर आलं."

मी खुंटीवरची चावी काढली आणि गाडीत बसले. बुढा काय करतो ते रोज शेजारी बसून पाहिलं होतं, म्हणून मला वाटलं होतं की मला येतं. चावी फिरवली, गाडी सुरू झाली. तो दांडा पुढे ढकलला. काहीतरी दाताखाली खडा यावा तसं कडकडलं. परत ढकलला. परत कडकडलं. गाडीनं एक उडी मारली आणि मागे गेली. मागे उकिरडा होता.

"अगे माय!" चाची ओरडली. "माही चप्पल गेली वं!"

बुढ्यानं मान वर केली.

मी दांडा ओढला. आता तर असा आवाज आला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"अवं क्लच!" बुढा म्हणाला. मग मोठ्यानं, "क्लच दाब! क्लच! डावा पाय!"

"दाबलाच हाय!"

"तो बिरेक हाय, बयताड बाई! गिअरबॉक्स खाऊन टाकतं काय तू?"

"भाऊ, तुमी नका बोलू मंधात," चाची उकिरड्यातून चप्पल शोधत म्हणाली. "ती शिकून राहिली."

"शिकून राहिली? गाडीचा जीव घेऊन राहिली! उतर! उतर म्हनतो ना!"

"काऊन उतरू?" मी म्हटलं. "तुमी तं इकून राहिले. उद्या गिऱ्हाईक येते. मी आज चालवतो."

मी पुन्हा दांड्याला हात घातला. खरं सांगते, तेव्हा मी नाटक करत नव्हते. मला राग आला होता, गाडीचा, त्याचा, उकिरड्याचा, सगळ्याचा. गाडी आणखी थोडी मागे गेली.

बुढा बाजेवरून उठला. धोतर सावरत आला, दार उघडलं आणि म्हणाला, "सरक."

मी सरकले.

त्यानं गाडी उकिरड्यातून काढली आणि बोलायला लागला. आधी मला बोलला. बाईमाणसानं गाडीला हात लावावा का, लावला तर क्लच कशाला म्हणतात ते विचारावं का. मग उकिरड्याला बोलला, इतक्या जवळ कोणी घातला. तो त्यानंच घातला होता. मग पोराला, जो बापाची गाडी विकायला गिऱ्हाईक शोधतो पण बापाच्या फोनातली बाई काढू शकत नाही. वलगाव येईपर्यंत त्यानं खताच्या दुकानाचा समाचार घेतला. अमरावतीत रिक्षावाल्यांचा. बडनेऱ्यात रेल्वे फाटकाचा. मागून चाचीनं काच वाजवली आणि मला खुणेनं विचारलं, चालू आहे का? मी मान हलवली. तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय करत होती, काचेतून दिसलं नाही.

फोनात राशीवाली बोलली. बुढा म्हणाला, "चूप वं रांड्ये." त्याच्या तोंडात ही शिवी चांगली नाही. मी त्याला टोकलं नाही.

मग ती जागा आली, जिथं बाजूचा रस्ता चढून हायवेला मिळतो. बुढा गप्प झाला. गाडी थांबवली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. समोर पाहत राहिले. उजवीकडून ट्रक येत होते, ट्रॅव्हल्स येत होत्या, मोटारसायकली येत होत्या. काही रिकाम्या, काही भरलेल्या. बुढ्यानं कोणाच्याच पोटात डोकावून पाहिलं नाही. तो थांबला. थांबूनच राहिला. मागे गाड्या जमल्या. कोणीतरी हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना.

बुढ्यानं खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं.

"काऊन बोंबलून राहिला बे? घाई असन तं उडून जाय! आमाले एकडाव उडाची घाई होती, आता नाई!"

हॉर्न वाजतच राहिला.

"अजी, जरा पुढं घ्या," मी म्हटलं.

"तू चूप बस. उकिरड्यात गाडी घालनारीनं मले शिकवू नये."

"भाऊ," चाची काचेला तोंड लावून म्हणाली, "आज नाई तं उद्या जाऊ ना आपुन? दसरा पुढल्या साली बी येते."

"तू बी चूप बस. तुले लेकीकडे जाच हाय, मले माही फुलं जगवाची हाय."

रस्ता पार मोकळा झाला, दूरवर काही दिसेना, तेव्हा बुढ्यानं गाडी वर घातली. हळू, बंडी घालावी तशी. मागच्या गाड्या आमच्या बाजूनं शिव्या देत निघून गेल्या आणि बुढ्यानं एकेकाला परत केल्या. लोणी गाव येईपर्यंत तो त्याच कामात होता.

अकोल्याला फुलं उतरली. परतताना आम्ही रस्त्याच्या कडेला डबा सोडला. त्यानं पहिला घास घेतला, चावला आणि म्हणाला, "मीठ कमी हाय."

मी म्हटलं, "वरून घ्या."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. बुढ्यानं त्याला गाडीचे इतके दोष सांगितले की तो माणूस चहा न घेता गेला. पोरगा माझ्यावर चिडला. फवारणीचे डबे चाचीच्या कुलपातच राहिले. हवे तेव्हा मी तिच्याकडून मागून आणायची आणि काम झालं की परत नेऊन द्यायची. बुढ्यानं एकदा विचारलं, "आपले डबे तिच्याघरी काऊन?" मी म्हटलं, "कोठ्यात तुमच्या आत्याच मावत नाईत." त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विहिरीवर गेला आणि लाइन गेली म्हणून ओरडायला लागला.

त्या दिवशी हायवेवर आडव्या पडलेल्या गाडीत आम्ही तिघं होतो. तिघंही वाचलो. बुढा त्यानंतरही काही वर्षं गाडी चालवत होता, मग आजारपणानं घरीच वारला. चाची अकोल्याला लेकीजवळ राहते. मी वलगावजवळ आमच्याच घरी आहे.